प्रेम, लग्न आणि टोमणे

मराठी म्हणींचा एखादा जाडजूड संग्रह घ्यावा आणि त्यात प्रेम शोधू लागावं, तर हाती फारसं काही लागत नाही. 'प्रेम आंधळं असतं' असं आपण म्हणतो खरं, पण ते नाटक-कादंबऱ्यांच्या वाटेनं आलेलं वाटतं, जात्यावरून किंवा बांधावरून नव्हे. लग्न शोधायला गेलं की मात्र सगळा गोतावळाच अंगावर येतो. सासू, सून, नणंद, जावई, विहीण, उपाध्याय, बाशिंग, वरात, घोडं, हुंडा, माहेर यांतलं कुणी सुटलेलं नाही. रेव्हरंड ए. मॅनवेरिंग या मिशनऱ्यानं जमवलेल्या मराठी म्हणी इंग्रजी अनुवादासह १८९९ साली ऑक्सफर्डला छापल्या गेल्या. पुढे दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' १९४०च्या दशकात दोन खंडांत आला. दोन्ही चाळताना जाणवतं की, आपल्या पूर्वजांना संसाराबद्दल बोलायला भरपूर होतं आणि प्रीतीबद्दल चारचौघांत बोलायची सोय नव्हती.

कारण उघड आहे. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायको एकमेकांशी धड बोलत नसत, तिथे प्रेमावर म्हण तयार होणार कशी? म्हणीला चावडी लागते, ओटा लागतो, पंगत लागते. लग्न हा मात्र साऱ्या गावाचा मामला होता, त्यात पैसा होता, मानपान होता. म्हणून 'लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून' या सगळ्यांत प्रसिद्ध म्हणीत नवराही नाही आणि नवरीही नाही. बोलणारा आहे तो खर्चानं वाकलेला यजमान. 'नवरा मरो, नवरी मरो, उपाध्यायाला दक्षिणा मिळो' यातही जोडप्याचं काही खरं नाही. सगळं लक्ष दक्षिणेवर. वासनेची, ओढीची एकुलती एक ठिणगी दिसते ती 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' या म्हणीत, आणि तिथेही बिचाऱ्याची टरच उडवलेली आहे.

या साऱ्या भांडारातली सर्वांत हुशार म्हण मला 'लेकी बोले सुने लागे' ही वाटते. ती लग्नाबद्दल आहेच, पण त्याहून अधिक ती बोलण्याबद्दल आहे. सासू रागावते लेकीवर, झोंबतं सुनेला, आणि सुनेला उलट उत्तर देता येत नाही, कारण तिला कुणी काही म्हटलेलंच नसतं. प्रेम, लग्न आणि माणसाचा स्वभाव यांवरच्या चटकदार उक्त्यांचा आढावा घ्यायचा तर ही म्हणच हाताशी धरावी असं मला वाटतं. उक्ती खरी की खोटी हा प्रश्न मागाहून. आधी पाहायचं ते हे की ती कुणाच्या तोंडची आहे, कुणाला उद्देशून आहे आणि कुणाला लागावी म्हणून आहे.

'नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं, तर तक्रार कुणाकडे करायची?' ही म्हण घ्या. आज ती ऐकली की आपण दचकतो आणि जुन्या लोकांनी बायकोला मारणं कसं मान्य केलं होतं याचा पुरावा म्हणून ती दाखवतो. पण हीच म्हण 'राजानं मारलं आणि पावसानं झोडपलं' अशीही सांगितली जाते. म्हणजे पाऊस कायम आहे, त्याच्या जोडीला राजा तरी बसतो नाहीतर नवरा तरी. ज्याच्यावर अपील नाही असा जो कुणी असेल त्याची ती जागा. हे समर्थन नव्हे, हा हताशपणे केलेला हिशेब आहे. नवऱ्याच्या बाबतीत तक्रारीची खिडकी कायद्यानं उघडली ती १९८३ साली, भारतीय दंडविधानात कलम ४९८-अ घातलं तेव्हा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा स्वतंत्र कायदा २००५चा. म्हणीतला प्रश्न तोवर प्रश्न म्हणूनच उभा होता.

त्यापेक्षा मला 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' ही म्हण अधिक क्रूर वाटते, आणि ती तर सांत्वन म्हणून सांगितली जाते. तुझेही दिवस येतील म्हणजे काय, तर तुलाही एक दिवस कुणाला तरी छळायला मिळेल. जाच संपेल असं ती म्हणत नाही, पाळी बदलेल असं म्हणते.

म्हणींमध्ये प्रेम नाही म्हणून हा मुलूख प्रेमाबाबत मुका होता असं कुणी समजू नये. पैठणच्या सातवाहनांतल्या हाल राजाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि प्रेमाच्या बाबतीत ती इतकी चावट, इतकी जाणती आहे की आपण त्याच मातीतले आहोत यावर विश्वास बसू नये. एक कोटी गाथांतून सातशे निवडल्या असा दावा ग्रंथाच्या सुरुवातीलाच आहे. कोटीचं सोडून देऊ, पण सातशेचं काम थोर आहे. आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडितानं एकोणिसाव्या शतकात तिची संहिता युरोपात छापली, आणि मराठी वाचकांपुढे स. आ. जोगळेकरांनी ती १९५६ साली विस्तृत प्रस्तावनेसह ठेवली.

यातल्या माणसांना राजवाडे नाहीत. गोदावरीचा काठ आहे, कापसाची, साळीची, तागाची शेतं आहेत, गावच्या मुख्याची सून आहे, परदेशी गेलेला नवरा आहे, नको इतक्या जवळिकीनं वागणारा दीर आहे, डोळ्यांत तेल घालून बसलेली सासू आहे. एका गाथेत साळीचं शेत पिकून कापणीला आलं म्हणून एक बाई हिरमुसली आहे, कारण तिची भेटीची जागा जाणार. मैत्रीण तिची समजूत घालते की रडू नकोस, तागाचं शेत पिवळंधमक फुललंय. एका गाथेत नवऱ्यादेखत 'विंचू चावला' म्हणून कळवळणाऱ्या बाईला सख्या वैद्याकडे नेतात, आणि वैद्यच तिचा यार. एका पाणपोईवर वाटसरू बोटं फाकवून पाणी पितो, म्हणजे ओंजळ भरता भरू नये. आणि पाणी घालणारी धार बारीक करत नेते. दोघंही काही बोलत नाहीत.

एका गाथेत मात्र कुठलाही प्रसंग नाही, आहे ते निखळ निरीक्षण. प्रेम कशानं जातं याची ती यादी आहे. भेट न झाल्यानं जातं. सारखी भेट झाल्यानंही जातं. चहाडखोरांच्या बोलण्यानं जातं. आणि काही कारण नसतानाही, उगीचच जातं. तीन कारणं ऐकून आपण मान डोलवत असतो आणि चौथं आपल्या पायाखालची सतरंजी काढून घेतं. प्रेमभंगावर पुढच्या दोन हजार वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं. या चौथ्या कारणापुढे कुणी फार गेलं आहे असं मला दिसत नाही.

गाथांमध्ये एवढा मोकळेपणा का, याचं उत्तर त्या कुणाला उद्देशून आहेत यात सापडतं. बहुतेक वेळा सखी सखीशी बोलते आहे, नाहीतर दूती नायकाशी, आणि कधी तिसऱ्याच कुणाला कळावं म्हणून भलत्याशीच बोलणं चाललं आहे. संस्कृत काव्यशास्त्रवाल्यांना या गाथा ध्वनीच्या, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाच्या, उदाहरणांसाठी फार आवडल्या त्या यामुळेच. आनंदवर्धनानं नवव्या शतकात ध्वनिसिद्धान्त मांडताना अशा प्राकृत गाथा उदाहरणादाखल घेतल्या आहेत. मात्र बोलणाऱ्या बायका असल्या तरी लिहिणारे सगळे कोण होते, हे विचारायला हवं. काही गाथा कवयित्रींच्या नावावर आहेत, बहुसंख्य पुरुषांच्या. बाईच्या तोंडी घातलेलं बाईचं मन, असं ते पुष्कळदा आहे.

संस्कृतात शिरलं की हवा बदलते. भर्तृहरीच्या शतकांपैकी शृंगारशतक स्त्रीच्या रूपावर भाळतं आणि त्याच शतकात पुढे स्त्री म्हणजे सगळ्या संकटांचं मूळ असंही ठरतं. वैराग्यशतकात तर कायमचीच पाठ फिरवलेली. सातव्या शतकातल्या इत्सिंग या चिनी प्रवाशानं भर्तृहरी नावाच्या एका विद्वानाबद्दल ऐकीव माहिती लिहून ठेवली आहे की तो सात वेळा भिक्षू झाला आणि सात वेळा परत संसारात आला. तो हाच भर्तृहरी की दुसरा, यावर पंडितांचा वाद आहे, पण गोष्ट शतकांना शोभून दिसते. मराठीत सतराव्या शतकात वामन पंडितानं या शतकांचं भाषांतर केलं आणि नीतिशतकातले कितीतरी विचार शाळेच्या पुस्तकांतून घरोघर गेले.

या भर्तृहरीच्या बाबतीत गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी एक विलक्षण काम करून ठेवलं आहे. गणिताच्या या प्राध्यापकानं पावणेचारशेच्या घरात हस्तलिखितं तपासून १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. तीन शतकं म्हणजे तीनशे श्लोक, असा आपला समज. पण सर्व परंपरांना समान असे श्लोक निघाले सुमारे दोनशे. बाकीचे शेकडो श्लोक कुणाकुणाचे येऊन चिकटलेले. सप्तशतीचीही तीच गत आहे. वेगवेगळ्या पाठांत सापडणाऱ्या गाथा एकत्र केल्या तर हजाराच्या जवळ जातात, आणि सगळ्या पाठांत समान अशा ४३०च्या आसपास. चटकदार वाक्याला बापाचं नाव लागतं, आणि खरा बाप सापडला नाही की ते त्या काळच्या सर्वांत वजनदार माणसाचं नाव लावून मोकळं होतं. चाणक्याच्या नावावर असंच अफाट साहित्य जमा झालं. आज भ्रमणध्वनीवर नात्यांबद्दलचं हळवं वाक्य आलं की खाली वपु, मिश्कील असलं की पुलं आणि इंग्रजी असलं की ऑस्कर वाइल्ड. प्रथा जुनीच आहे, वेग तेवढा वाढला.

कोसंबींचा दुसरा एक मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भर्तृहरीचं वैराग्य हे सगळं भोगून कंटाळलेल्या राजाचं नाही. शिकलेल्या पण आश्रयदात्यांच्या दारात ताटकळणाऱ्या, मनातल्या मनात जळणाऱ्या माणसाचं ते आहे, असं त्यांचं वाचन. ते मान्य केलं, तर स्त्रीविषयीची ती कडवट सुभाषितंही निराळी दिसू लागतात. जे मिळालं नाही त्याच्याबद्दल माणूस किती तत्त्वज्ञानानं बोलतो!

त्या कडवट सुभाषितांना मराठीत एक उत्तर मिळालं. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांतून एकूणच स्त्रियांच्या नीतीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्यावर १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध छापला. स्त्री म्हणजे संशयांचा भोवरा, उद्धटपणाचं घर, साहसांचं नगर, कपटांचं आगर अशी दूषणांची माळ ज्या संस्कृत श्लोकात आहे, तो शृंगारशतकातला श्लोक त्यांनी समोर ठेवला आणि एकेक दूषण उचलून विचारलं की हे पुरुषाला लागू पडत नाही काय? निबंधाच्या उपशीर्षकातच प्रश्न आहे, खरं साहसी कोण, बाई की पुरुष?

हे वाचताना हसू येतं आणि ते घशात अडकतं. ताराबाईंची युक्ती अगदी साधी. श्लोक खोटा आहे असं त्या म्हणत बसत नाहीत. त्या फक्त बोलणारा आणि ऐकणारा यांच्या जागा बदलतात. कपट? बाईचं कपट घरातल्या चार भिंतींत, आणि तुमचं कचेरीपासून देवळापर्यंत. साहस? विधवेला फसवून तोंड लपवणारा कोण? एवढ्यानं शेकडो वर्षं टाळ्या घेतलेला श्लोक उघडा पडतो. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, पण सर्वसाधारण मराठी वाचक या पुस्तकाला विसरला तो जवळजवळ विसरलाच. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणलं. ताराबाईंची भाषा मात्र अजून ताजी आहे; घरातल्या बाईनं ओट्यावरच्या पुरुषांना ऐकवावं तशी.

युरोपात चटकदार उक्तीच्या प्रकाराचा मानदंड म्हणून ला रोशफुको या फ्रेंच सरदाराचं नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. जन्म १६१३चा. तरुणपणी राजसत्तेविरुद्धच्या बंडात सामील झाला, १६५२ साली पॅरिसमधल्या लढाईत चेहऱ्यावर गोळी लागून काही काळ दृष्टी गेली, राजकारणात पार हरला. मग उरलं काय, तर बैठका. मादाम द साब्ले या विदुषीच्या दिवाणखान्यात वाक्यं घासण्याचा खेळ चाले; एकानं एक वाक्य करायचं, पत्रातून पाठवायचं, दुसऱ्यानं त्यातले शब्द कमी करून परत पाठवायचे. १६६५ साली त्याची 'सूत्रं' छापून निघाली आणि त्याच्या हयातीत पाच आवृत्त्या झाल्या. शेवटच्या, १६७८च्या आवृत्तीत ५०४ सूत्रं आहेत. त्यानं दर आवृत्तीत नव्यांची भर घातली तशी जुनी काढूनही टाकली. उक्ती लिहिणाऱ्यानं उक्ती मागे घेणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

प्रेमाबद्दल तो काय म्हणतो? खरं प्रेम म्हणजे भूतपिशाच्च, बोलतात सगळे, पाहिलेलं कुणी भेटत नाही, अशा अर्थाचं एक सूत्र आहे. प्रेम नावाची गोष्ट असते हे कानावरच आलं नसतं तर कितीतरी माणसं प्रेमात पडलीच नसती, अशा आशयाचं दुसरं. हिंदी सिनेमा येण्याआधी अडीचशे वर्षं त्यानं हे लिहून ठेवलं. विवाहाबद्दल त्याचं मत असं की चांगले विवाह असतात, सुखानं मोहरून जावं असे नसतात. आणि विरहानं लहानसहान ओढ विझते, मोठी भडकते. आपल्या गाथेशी हे ताडून पाहावं. गाथा म्हणते न भेटल्यानं प्रेम जातं. फ्रेंच सरदार म्हणतो, कुठलं प्रेम ते आधी सांगा. त्याचं सूत्र अधिक चतुर आहे. पण गाथेतलं 'उगीचच' त्याला सुचलेलं नाही, कारण त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण माणसाच्या आत्मप्रेमात सापडायलाच हवं असतं. उगीच काही घडतं हे तो मान्य करणार नाही.

स्वभावाच्या बाबतीत मात्र तो आणि आपला शेतकरी एकाच बाकावर बसतात. कृतज्ञता म्हणजे पुढच्या उपकाराची छुपी आशा, असं तो सुचवतो. आपल्याकडे 'गरज सरो वैद्य मरो' आणि 'असतील शिते तर जमतील भुते' यांत तेवढाच हिशेब चुकता केलेला आहे, आणि दिवाणखान्याची गरजही पडलेली नाही. फरक इतकाच की तो 'बहुधा', 'पुष्कळदा', 'साधारणपणे' अशा शब्दांनी वाक्याला फट ठेवतो. म्हण फट ठेवत नाही. म्हणून म्हणीची लगेच उलटी म्हण निघते, आणि त्याच्या सूत्राची निघत नाही.

त्याच्यानंतरच्यांबद्दल थोडक्यात. शांफोर फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली गेला, त्याची टिपणं मरणानंतर छापली गेली. ती इतकी कडू आहेत की एका वेळी दोन पानांपलीकडे जाववत नाही. अमेरिकन पत्रकार अँब्रोज बिअर्सनं शब्दकोशाचं सोंग घेऊन १९०६ साली उपहासाच्या व्याख्या छापल्या. प्रेमाला त्यानं लग्न हा उतारा असलेला तात्पुरता वेडेपणा ठरवलं, आणि विवाहात मालक एक, मालकीण एक, गुलाम दोन, पण डोकी मिळून दोनच अशी मोजदाद केली. ही मोजदाद मला आवडते, कारण तिच्यात कुणी एकटं सुटत नाही.

ऑस्कर वाइल्डचं प्रकरण वेगळं. लग्नावरची त्याची म्हणून फिरणारी पुष्कळशी वाक्यं त्याच्या नाटकांतल्या रिकामटेकड्या, श्रीमंत, चहाचे पेले हातात घेऊन बसलेल्या पात्रांची आहेत. नाटककार त्या वर्गाची रेवडी उडवत होता. आपण रेवडी खाऊन ती त्याची शिकवण समजलो. सर्वमान्य वाक्यातला एक शब्द उलटा करायचा, हे त्याचं मुख्य तंत्र. त्याची लयच इतकी पक्की की खऱ्याखोट्याचा विचार करायला फुरसत मिळत नाही. त्याचं शेवटचं विनोदी नाटक फेब्रुवारी १८९५ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलं आणि काही आठवड्यांतच तो कोर्टात उभा होता. दुहेरी आयुष्य जगणाऱ्या पुरुषांवर हसणाऱ्या प्रेक्षकांना लेखकाचं दुहेरी आयुष्य चाललं नाही. साक्षीच्या पिंजऱ्यातही त्यानं कोट्या केल्या, आणि त्यांतली एक त्याला फार महाग पडली.

मराठी रंगभूमीवर अशी रेवडी उडवण्याचं काम गडकऱ्यांनी केलं. त्याआधी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी कोटीबाज विनोदाची वाट पाडून ठेवली होती, 'सुदाम्याचे पोहे' त्यांचेच. गडकऱ्यांनी बाळकराम या नावानं ठकीच्या लग्नाच्या मोहिमेवर जे लेख लिहिले, त्यात वरसंशोधन ही लष्करी चढाई आहे. घरातलं प्रत्येक माणूस सेनापती आणि जिच्यासाठी एवढी लढाई ती ठकी मात्र सामानात जमा. हुंडा, पत्रिका, मुलगी दाखवणं यांच्यावर शंभर गंभीर लेखांनी झालं नसेल ते या चेष्टेनं केलं. 'एकच प्याला' त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातलं एक मला नेहमी खटकतं आणि नेहमी लक्ष वेधून घेतं. चुरचुरीत बोलणं तळीरामाच्या वाट्याला भरभरून आलं, आणि सिंधूच्या वाट्याला सोसणं. तिला एकही खवचट वाक्य दिलेलं नाही. ती खवचट झाली असती तर नाटक तिथेच संपलं असतं, हे गडकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तोंडाळपणा त्यांनी तळीरामाच्या बायकोकडे, गीतेकडे सोपवला. गीता नवऱ्याला तोंडावर सुनावते, आणि प्रेक्षक तिच्यावर हसतो, तिच्या बाजूनंही हसतो.

अत्र्यांनी 'लग्नाची बेडी' १९३६ साली आणली तेव्हा नावातच अर्धं काम झालं होतं. चिं. वि. जोश्यांचा चिमणराव बोधवाक्यांच्या वाटेला जात नाही. त्याची फजितीच पुरेशी असते. खांडेकरांच्या कादंबऱ्यांत मात्र पानोपानी सुभाषितं. एका पिढीनं ती वह्यांत उतरवून घेतली, लग्नाआधीच्या पत्रांत वापरली. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांतली अनेक वाक्यं आज वाचताना डोळे भरून येतात की जडावतात हे मला ठरवता येत नाही. ती कुणाला टोचत नाहीत. सगळ्यांना लागू पडतात, म्हणून कुणालाच लागत नाहीत.

व. पु. काळ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे आणि त्यांच्यावर थोडा अन्यायही होतो. मुंबई महानगरपालिकेत वास्तुविशारद म्हणून नोकरी करणारा हा माणूस दोन खोल्यांच्या घरात काय काय मावतं आणि काय मावत नाही हे जाणून होता. त्यांची नवरा-बायकोबद्दलची वाक्यं कथेतल्या एखाद्या कारकुनाच्या, एखाद्या शेजाऱ्याच्या तोंडी येतात, आणि त्यांच्या कथाकथनाला बसलेल्या सभागृहात जोडपी एकमेकांकडे चोरून पाहत असणार हे त्या ध्वनिफितींतल्या हशावरूनही कळतं. तिथे ते वाक्य कुणाला तरी लागत होतं. तेच वाक्य कथेतून कापून, गुलाबाच्या चित्रावर चिकटवून, सकाळी सहाला चारशे जणांच्या गटात पाठवलं की ते निर्जीव होतं. 'वपुर्झा'सारख्या संकलनानं याची सुरुवात खुद्द छापील काळातच करून दिली, हेही म्हटलं पाहिजे.

लग्नावरचे जे विनोद त्या गटांत फिरतात, त्यांतला बायको म्हणजे खर्च, बायको म्हणजे कटकट, हा साचा तर इतका घासलेला आहे की त्याच्यावर ताराबाईंचा प्रयोग करायचाही कंटाळा येतो. तरी एकदा करून पाहावा. त्यातल्या 'बायको'च्या जागी 'नवरा' घातला की नव्वद टक्के विनोद विनोद राहत नाहीत, तक्रार होतात.

बायकांनी स्वतः काय म्हणून ठेवलं, हे पुस्तकांत शोधून फार सापडत नाही. उखाणा आहे, पण उखाण्यात बाईला चारचौघांत नाव घ्यायला लावतात, परीक्षा म्हणून; तिथे गोडच बोलावं लागतं. एखादी खट्याळ मुलगी त्यातही चिमटा काढून जाते, ते वेगळं. खरा ऐवज जात्यावरच्या ओव्यांत आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमवल्या. त्यानंतर मोठं काम झालं ते पुण्याच्या हेमा रायरकर आणि जन्मानं फ्रेंच असलेले गी प्वातवँ यांचं. खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटेचा अंधार, दोघी समोरासमोर, घरघर एवढी की बाहेर शब्द नीट ऐकू जाणार नाहीत. इतकी सुरक्षित जागा बाईला घरात दुसरी नव्हती.

या ओव्यांत भाऊ फार आहे, आई फार आहे, नवरा त्या मानानं बेताचा. मात्र संसारातल्या रुसव्याफुगव्यांसाठी बायकांनी एक नामी जोडपं शोधून काढलं, विठ्ठल आणि रुक्मिणी. देवाची जनीवरची माया, तुळशीवरचा जीव आणि त्यावरून रुक्मिणीचा फणकारा, हे ओव्यांत पुन्हा पुन्हा येतं. पंढरपुरात रुक्मिणीचं देऊळ विठ्ठलाच्या देवळामागे वेगळं आहे, आणि ती रुसून दिंडीरवनात येऊन बसली अशी कथाही आहेच. देवालाच घरच्या बाईनं जाब विचारल्यावर पलीकडच्या खोलीत जागा झालेला नवरा काय म्हणणार? तो देवाधर्माचंच गाणं ऐकत असतो.

गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि ओवी म्हणायची ती वेळही गेली. बोलणं थांबलेलं नाही. कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात, भिशीत, हळदीकुंकवात, कपडे बदलायच्या खोलीत कामावरच्या बायकांमध्ये नवऱ्यांबद्दल, सासवांबद्दल, साहेबांबद्दल जे बोललं जातं ते ला रोशफुकोच्या बैठकीत खपून गेलं असतं. ते ऐकून लिहून घ्यायला रायरकरांसारखं कुणीतरी रोजच्या गर्दीत उभं राहायला हवं, आणि त्या बायकांचा विश्वास बसेपर्यंत कित्येक महिने गप्प राहायची त्याची तयारी हवी.